शब्दकोड्यातला अंतेवासी

१९७४ च्या पावसाळ्यातली गोष्ट. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो आणि मागासवर्गीयांच्या वसतिगृहात राहत होतो. वसतिगृहात एकच वर्तमानपत्र येई आणि रविवारच्या पुरवणीतले शब्दकोडे कुणी तरी सकाळीच कापून नेई. म्हणून सोमवारी कॉलेजच्या वाचनालयात जाऊन मी तेच कोडे वहीत चौकटी आखून उतरवून घेई आणि तास संपल्यावर सोडवीत बसे. एकदा आमचे एक प्राध्यापक माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले. एका आडव्या शब्दासाठी 'शिष्य' एवढाच सूचक शब्द दिलेला होता. घरे चार. 'अंकुश' हा उभा शब्द मी आधीच भरला होता, त्यामुळे पहिल्या घरात 'अं' बसलेला होता. शाळेत कुठल्याशा धड्याखाली दिलेली टीप आठवली आणि मी लिहिले, 'अंतेवासी'.

प्राध्यापक खूश झाले. "तुमच्या वसतिगृहातल्या मुलाला हा शब्द ठाऊक असेल असं वाटलं नव्हतं," असे म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात माझे नाव घेऊन त्यांनी ही हकीकत सांगितली. पुढे काही महिने ते मला 'आमचे अंतेवासी' म्हणत. त्या पहिल्या वाक्यातला 'तुमच्या' मला त्या वेळी ऐकूच आला नाही. कौतुक इतके दुर्मीळ होते, की त्यातला खडा लागण्याइतके दात माझ्यापाशी नव्हते.

पुढे मी स्वतः मराठीचा अध्यापक झालो. एका तासाची तयारी करताना वामन शिवराम आपट्यांचा १८९० सालचा संस्कृत-इंग्रजी कोश उघडला आणि तोच शब्द पुन्हा समोर आला. पहिला अर्थ : गुरूच्या निकट राहणारा, शिष्य. त्याखाली दुसरा अर्थ : गावाच्या टोकाला राहणारा, चांडाळ. 'अंत' या शब्दालाच दोन अर्थ आहेत, सान्निध्य आणि शेवट. एका अर्थाने मुलगा गुरूच्या ओसरीवर जाऊन बसतो, दुसऱ्या अर्थाने तो वेशीबाहेर जातो. माझा आजा गावचा येसकर होता. वेस उघडणे आणि लावणे त्याच्याकडे, राहणे मात्र वेशीबाहेर. त्या चार घरांत मी माझ्याच घराचा पत्ता लिहिला होता, आणि शाबासकी मिळाली ती दुसऱ्या कुणाच्या तरी पत्त्याबद्दल.

प्राध्यापकांना दुसरा अर्थ माहीत होता की नाही, ते मला कधी कळले नाही. त्यांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. कोडे त्यांनी रचले नव्हते, कोशही त्यांनी रचला नव्हता. मला विचार करायचा आहे तो एका व्यवहाराचा : शब्दाला कोशात चार अर्थ असतात, त्यांतला एकच चौकटीत जातो, आणि तो कोणता हे कोडे सोडविणारा ठरवीत नाही.

कार्यकर्ते मित्र विचारतील, माणसांवर अत्याचार होत असताना हा शब्दकोडी काय घेऊन बसला? आक्षेप योग्य आहे. परंतु सामान्य मराठी वाचक शब्दकोश विकत घेत नाही, घेतला तर उघडत नाही. त्याला कोश भेटतो तो दोनच ठिकाणी. एक, सकाळच्या चहाबरोबरचे शब्दकोडे. दोन, शाळेच्या आणि स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांतली समानार्थी शब्दांची यादी. शब्दाचा कोणता अर्थ सभ्य आणि कोणता अडगळीतला, हे तिथे बिनबोभाट शिकविले जाते. ज्याला आपण संस्कार म्हणतो तो बहुधा असाच होतो, भाषण न करता.

शब्दकोडे हा आपला जुना प्रकार नाही. न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' या वृत्तपत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी ऑर्थर विन याने पहिले कोडे छापले, हिऱ्याच्या आकाराचे. लंडनच्या 'टाइम्स'ने १९३० मध्ये ते सुरू केले, आणि इंग्रजीत त्याची एक कूट शाखा वाढली. त्या शाखेत एक मोठी गमतीची रीत आहे. एका शब्दाचे कोशातले दोन अगदी वेगळे अर्थ शेजारी शेजारी ठेवून एक साधे दिसणारे वाक्य करायचे आणि दोन्ही अर्थांना बसणारा शब्द ओळखायला सांगायचे. म्हणजे त्या कोड्यात दुसरा अर्थ दडविता येत नाही. तो बाहेर आल्याशिवाय उत्तरच येत नाही.

आपल्या वर्तमानपत्री शब्दकोड्यांत ही रीत क्वचितच दिसते. एक शब्द द्यायचा आणि त्याचा समानार्थी मागायचा, हा आपला शिरस्ता. त्याला लिपीचेही कारण आहे. इंग्रजीत एका घरात सव्वीसांपैकी एक अक्षर बसते. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षर असे सगळे मिळून एक घर होते. आडव्यातली 'की' उभ्यातही 'की'च असली पाहिजे. कोडे जुळविणाऱ्याची त्यात दमछाक होते, म्हणून तो आखूड आणि बिनमात्रांचे शब्द शोधतो : नभ, जलद, पवन, रजत, कमल. हे शब्द तयार मिळतात ते संस्कृत कोशपरंपरेच्या याद्यांत. ही अडचण मी मान्य करतो. पण मग वखर बिनमात्रांचा नाही काय? तराळ, दावण, पखाल, ऐरण, रापी हे शब्द लांब आहेत काय? अडचण लिपीची असती तर हे शब्दही तितक्याच वेळा आले असते. आणि आलेच तर कसे येतात पाहा. 'हलगी'साठी सूचक शब्द असतो 'एक चर्मवाद्य'. कातडे कुणी कमावले, हलगी कुणी वाजविली आणि कुणाच्या दारात, याचा वाससुद्धा त्या सूचकाला लागू दिलेला नसतो.

पाण्याचेच उदाहरण घ्या. शब्दकोड्यात पाणी नेहमी सूचक असते. उत्तर असते जल, नीर, तोय, वारि, उदक, सलिल, नाही तर जीवन. साधे 'पाणी' हे उत्तर म्हणून आलेले मला आठवत नाही. मराठी कोशात पाण्याचे अर्थ पुष्कळ आहेत. मोत्याचे पाणी म्हणजे तेज, तलवारीचे पाणी म्हणजे धार, माणसाचे पाणी म्हणजे त्याची हिंमत. पाणी जोखतात, पाणी पाजतात, पाणी सोडतात. पण माझ्या आईच्या तोंडी 'पाणी' या शब्दाबरोबर दुसरा शब्द येई तो 'वाढा'. विहिरीच्या कठड्यापासून दूर उभे राहून, घागर पुढे ठेवून, "पाणी वाढा माय" असे ती म्हणे. पाणी वाढले जाते, ते कुणी तरी वाढते, आणि वाढेपर्यंत उभे राहावे लागते, हा अर्थ त्या शब्दात होता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली, त्या दिवशी या अर्थाला पहिला मोठा धक्का बसला. 'जीवन' हे उत्तर आम्हीही चौकटीत लिहितो. पण ते आमच्यासाठी अलंकारिक नाही.

आता त्या याद्या येतात कुठून ते पाहू. संस्कृतातल्या समानार्थी शब्दांचा सर्वांत प्रसिद्ध संग्रह म्हणजे अमरसिंहाचा अमरकोश. त्याचे दुसरे कांड वर्गांत विभागलेले आहे. पृथ्वी, नगर, पर्वत, वनस्पती, पशू, मनुष्य असे करीत करीत ते ब्रह्मवर्ग, क्षत्रियवर्ग, वैश्यवर्ग आणि शेवटी शूद्रवर्ग असे संपते. म्हणजे कोशातले शब्दसुद्धा आपापल्या आळीत राहतात. मी एकदा कुतूहलाने जनावरे कुठे कुठे आहेत ते तपासले. हत्ती आणि घोडे क्षत्रियवर्गात, कारण ते सैन्याचे अंग. गायीबैल वैश्यवर्गात. कुत्री शूद्रवर्गात. त्याच शूद्रवर्गात कारागीर आहेत, चोर आहेत, दारू आहे आणि जुगारही आहे. आणि तिथेच चांडाळाची दहा नावे एका ओळीत मांडली आहेत. त्यांत एक अंतेवासी. हाच शब्द शिष्य या अर्थाने ब्रह्मवर्गात आहे. एका शब्दाची दोन घरे, मधे दोन वर्ग.

अमरसिंह बौद्ध होता असे परंपरा सांगते. ही गोष्ट आपले काही मित्र अभिमानाने सांगतात. मला ती अवघड वाटते. कोशकार स्वतः कुणीही असो, भाषेत ज्यांची सत्ता आहे त्यांचा क्रम त्याच्या कोशात उतरतो, एवढाच धडा मी त्यातून घेतो. मराठीचेही निराळे नाही. मोल्सवर्थने कँडी बंधूंसह आणि शास्त्रीपंडितांच्या मदतीने १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला, १८५७ मध्ये त्याची वाढविलेली आवृत्ती आली. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून १९३८ पर्यंत सात खंडांत आला. ही प्रचंड कामे आहेत. त्यांच्यावाचून माझे पान हलत नाही आणि त्यांच्याविषयी मला कृतज्ञता आहे. वऱ्हाडी, नागपुरी, कोकणी अशा बोलींच्या खुणा दाते-कर्वे काळजीपूर्वक करतात. तरीही कोशात आमच्या वस्तीची भाषा येते ती बहुधा दुसऱ्याने ऐकलेली. माझी आई जे बोलत होती ते तिला विचारून कुणी लिहून घेतलेले नाही.

मधला एक काळ इथे सांगण्याजोगा आहे, कारण त्यात ही गोष्ट उघडीनागडी झाली. पूर्वी बक्षिसांची शब्दकोडी चालत. प्रवेशफी भरायची, चौकटी भरून पाठवायच्या आणि मोठ्या रकमेची वाट पाहायची. त्यातली मेख अशी, की एकेका सूचकाला दोन किंवा अधिक शब्द सारखेच बसत. भाषेच्या दृष्टीने सगळे बरोबर. पण बक्षीस मिळे ते संपादकाने आधीच ठरवून बाजूला ठेवलेल्या उत्तराशी जुळले तरच. मुंबई राज्याने १९४८ साली अशा स्पर्धांवर नियंत्रण आणि कर आणला. १९५५ साली केंद्राने कायदा करून महिन्याला एकूण एक हजार रुपयांहून जास्त बक्षिसांच्या कोड्यांना बंदी घातली. आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या बंगलोरहून चालणाऱ्या कोड्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५७ साली न्यायालयाने निकाल दिला, की हा जुगारच आहे. त्याला व्यापाराचे संरक्षण नाही.

मला हा निकाल फार आवडतो. चार बरोबर अर्थांपैकी एकच बरोबर धरला जाईल आणि तो कुणी तरी आधीच ठरवून ठेवला आहे, याला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्वत्ता म्हटले नाही, जुगार म्हटले. पैशाची बक्षिसे गेली. आधी ठरलेले उत्तर मात्र परीक्षेच्या पुस्तकात आणि समीक्षेत राहिले. दलित कवितेला पहिल्या काळात जे गुण दिले गेले, ते बहुतेक असेच बाजूला ठेवलेल्या उत्तराशी ताडून दिले गेले. रस कुठला, सौंदर्य कुठे, अभिव्यक्ती संयत आहे काय? घरे त्यांनी आखायची, आम्ही भरायची.

या आखणीला हात घालणारे पहिले भाष्यकार जोतीराव फुले. 'गुलामगिरी'त १८७३ साली त्यांनी 'महार' हा शब्द फोडून 'महाअरी' असा लावला. महाअरी म्हणजे मोठा शत्रू. व्युत्पत्तिशास्त्राचे पंडित यावर हसतात. त्यांना हसू द्या. शब्दाचे तुकडे करून आत लपलेला दुसरा शब्द बाहेर काढायचा, ही रीत इंग्रजीतल्या कूट कोड्याने पुढे नावारूपाला आणली. जोतीरावांनी तिच्यातून लढणाऱ्या माणसाचे नाव काढले. भाषाशास्त्र म्हणून मी त्याचा आग्रह धरणार नाही. पण ज्या शब्दाचा अर्थ 'हलका' असा सांगितला जातो त्याच्या पोटात 'बलाढ्य वैरी' सापडू शकतो, एवढे दाखविण्याचे धाडस त्याआधी कुणी केले होते?

बाबासाहेबांचे काम अधिक कठोर होते. अस्पृश्य मूळचे कोण, या प्रश्नावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ते 'अंत्य' आणि 'अंत्यज' या शब्दांपाशी थांबतात. पंडितांनी लावलेला अर्थ असा, की अंत्यज म्हणजे सृष्टीत सर्वांत शेवटी जन्मलेला. बाबासाहेब विचारतात, तुमच्याच सिद्धान्ताप्रमाणे शेवटी जन्मला तो शूद्र. अस्पृश्य तर चातुर्वर्ण्याच्या बाहेरचा, तुमच्या उत्पत्तीच्या कथेत तो जन्मलेलाच नाही. मग तो शेवटी जन्मलेला कसा? म्हणून अंत्य म्हणजे सृष्टीच्या अंताचा नव्हे, गावाच्या अंताला राहणारा. गावाबाहेरच्या या माणसांचा जो पूर्वेतिहास त्यांनी पुढे मांडला त्यावर अभ्यासकांनी वाद घालावा. मी पाहतो ती पद्धत. पहिल्या अर्थात माणूस जन्मानेच शेवटचा आहे, त्याला इलाज नाही. दुसऱ्या अर्थात त्याला कुणी तरी तिथे राहायला लावले आहे, आणि राहण्याची जागा बदलता येते. कोशातल्या दोन अर्थांमध्ये एका समाजाचे भवितव्य कसे अडकलेले असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. हे पान मी वाचले तेव्हा वाचनालयातला तो सोमवार आठवला. 'अंतेवासी'चा दुसरा अर्थ टोचत होता तो टोचायचा थांबला नाही, पण आता त्याला बोट दाखविता येत होते.

इथपर्यंत मी स्वतःवर खूश होतो. अशाच आशयाचे एक व्याख्यानही मी दोनतीन ठिकाणी दिले होते.

निवृत्तीनंतर मी आमच्या तालुक्याच्या गावी वस्तीतल्या अभ्यासिकेत संध्याकाळी बसतो. तलाठी, पोलीस, ग्रामसेवक अशा भरतीची तयारी करणारी मुले येतात. गेल्या वर्षी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी मार्गदर्शक पुस्तक घेऊन समोर बसली होती. समानार्थी शब्द पाठ करीत होती. हत्ती : गज, कुंजर, वारण, मातंग. तिने पुस्तक खाली ठेवले आणि विचारले,

"सर, हत्तीचा समानार्थी शब्द मातंग. मग मातंगाचा समानार्थी शब्द काय?"

मी म्हणालो, "अगं, मातंग म्हणजे तुमचा समाज."

"ते मला ठाव हाय," ती म्हणाली, "पुस्तकात न्हाई."

मी उत्तर देऊ शकलो नाही. लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. गेल्या पन्नास वर्षांत 'हत्ती, तीन अक्षरी' या सूचकाला मी 'मातंग' हे उत्तर किती वेळा लिहिले असेल, याची गणती नाही. एकदाही पेन्सिल थांबली नव्हती. स्वतःच्या शब्दापाशी मी आयुष्यभर घुटमळलो, त्याची व्याख्याने केली, आणि शेजारच्या आळीच्या शब्दावरून हत्तीवर बसून निघून गेलो. आपल्या चळवळीत महार आणि मांग यांच्यात जे अंतर राहिले त्याची राजकीय कारणे पुष्कळ सांगितली जातात. मला माझे कारण त्या तीन घरांत सापडले.

घरी जाऊन पुन्हा आपट्यांचा कोश काढला. मातंग : एक, हत्ती. दोन, चांडाळ, हीनतम जातीचा माणूस. तीन, किरात. आणि चौथा अर्थ वाचून मी बराच वेळ तसाच बसलो. समासाच्या शेवटी हा शब्द आला तर 'आपल्या प्रकारात श्रेष्ठ' असा अर्थ होतो. म्हणजे सर्वांत हीन आणि सर्वांत श्रेष्ठ एकाच शब्दाखाली, दोन ओळींच्या अंतराने. मधे कुणालाही काही खटकलेले नाही. अमरकोशातला भेद मघाशी सांगितलाच आहे. मातंग नावाचा माणूस शूद्रवर्गाच्या तळाशी आणि हत्ती दोन वर्ग वर, राजाच्या फौजेत.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला मुक्ता साळवेची गोष्ट सांगितली. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली ही मांग समाजातली विद्यार्थिनी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. मोल्सवर्थच्या दुसऱ्या आवृत्तीच्या दोन वर्षे आधी. एकीकडे पंडित 'मांग' या शब्दाचा अर्थ लिहीत होते, आणि त्याच सुमारास एक मांग मुलगी तो शब्द स्वतःच्या हाताने कागदावर लिहीत होती. मुलीने एवढेच विचारले, "तिचा निबंध परीक्षेला हाय का?"

दलित साहित्याने या बाबतीत काय केले, याचा हिशेब आपण पुरता मांडलेला नाही. आपल्या पुस्तकांची नावेच पाहा. दया पवारांनी १९७४ मध्ये संग्रहाला नाव दिले 'कोंडवाडा', १९७८ मध्ये आत्मकथनाला 'बलुतं'. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० चे, लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ चे. हे सगळे शब्द कोशात होतेच. पण ते दुसऱ्याविषयी वापरण्याचे शब्द होते. या लेखकांनी त्यांना मुखपृष्ठावर आणले आणि प्रथमपुरुषी केले. शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ चे. तोळ्याचे मासे बारा. अकरा भरले तर सोन्यात एक मासा कमी. सोनाराच्या तराजूतला हा शब्द माणसाच्या जन्माला लावला गेला आणि विवाहबाह्य मूल अक्करमाशी ठरले. बापाचा एक मासा कमी. कोशात या दोन अर्थांमध्ये एक स्वल्पविराम आहे. लिंबाळ्यांचे सगळे पुस्तक त्या स्वल्पविरामात राहते. वजन कुणी केले आणि तराजू कुणाचा, एवढेच ते विचारते.

आणि 'दलित' हा शब्दच घ्या. मोल्सवर्थकडे तो दळलेले, भरडलेले, तुकडे झालेले अशा अर्थाने आहे. जात्यातल्या दाण्याला लागणारे विशेषण. १९७२ साली पँथर स्थापन झाली, १९७३ च्या जाहीरनाम्यात तिने या शब्दात अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन, स्त्रिया यांना एकत्र बसविले. तो अर्थ कोशात नव्हता. माणसांनी आधी केला, कोश मागून आले.

पण याच ठिकाणी मला आपल्या घरातलेही थोडे बोलायचे आहे. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला तेव्हा प्रस्तावनेत विजय तेंडुलकरांनी त्यातले कितीतरी शब्द आपल्याला अपरिचित असल्याचे सरळ कबूल केले होते. ते कबूल करणे मला मोलाचे वाटते. कोडे आपल्याला सुटत नाही, असे सूचक देणाऱ्या वर्गातल्या माणसाने म्हणण्याचा तो प्रसंग होता. त्यानंतर आपण काय केले? पुस्तकांच्या शेवटी शब्दार्थांची यादी जोडू लागलो. 'येसकर : गावकामगार.' 'पाडेवार : गावकामगार.' 'तराळ : गावकामगार.' तिघांनाही एकच अर्थ. शब्दांचा भेद आम्हीच पुसला, कशासाठी तर बाहेरच्या वाचकाची चौकट लवकर भरावी म्हणून. जयंतीच्या सामान्यज्ञान स्पर्धा पाहा. जन्मस्थान, दोन अक्षरी : महू. धर्मांतराचे शहर, चार अक्षरी : नागपूर. अशी कोडी मीही काढली आहेत. बाबासाहेबांनी 'अंत्य' या शब्दाशी जे केले त्यातले काहीही या चौकटींत नाही. आधी ठरवून ठेवलेले उत्तर आता आमच्या खिशात आहे, एवढाच फरक.

म्हणून यंदा अभ्यासिकेच्या भित्तिपत्रकासाठी मुलांनाच कोडे करायला सांगितले. अट एकच घातली. प्रत्येक सूचकात शब्दाचे दोन अर्थ आले पाहिजेत, आणि त्यांतला एक तुमच्या घरातला पाहिजे. नमुना म्हणून मी माझा दिला : 'गुरूच्या जवळ, गावापासून लांब. चार अक्षरी.' मुलांना तो फारसा आवडला नाही. त्यांच्यापैकी कुणालाच अंतेवासी हा शब्द ठाऊक नव्हता, आणि मला थोडे बरेही वाटले. एकाने 'उचल' केला : 'ऊसतोडीआधी मुकादम देतो, मोळीची आपण करतो.' एकाने 'जीवन' घेतला आणि आठ दिवस अडून बसला.

त्या मुलीने 'मातंग' घेतला. तिचे वाक्य होते, 'राजाच्या दारात झुलला, गावाच्या दारात थांबला.' मी म्हणालो, छान आहे, दोन्ही अर्थ आले. तिने वही परत घेतली, थोडा वेळ पाहत राहिली आणि 'थांबला' खोडून 'थांबवला' लिहिले. मी म्हटले, "अगं, झुलला आणि थांबला हे जुळतं होतं. आता ताल मोडला."

"मोडू द्या सर," ती म्हणाली, "आपल्या मनानं कोण थांबलं होतं?"

आमचा त्यावर वाद झाला. अभ्यासिकेतली दोन मुले म्हणाली, की जातीचे नाव भिंतीवर कशाला, उगाच कुणी तरी बोलेल. तिचा मोठा भाऊ येऊन मला भेटून गेला, त्याचेही म्हणणे तेच होते. तिने ऐकले नाही. भित्तिपत्रक शनिवारी लागले. रविवारी सकाळी मी कुलूप उघडले तेव्हा त्या आडव्या शब्दाच्या पहिल्या घरात कुणी तरी पेन्सिलीने 'मा' लिहिलेला होता. पुढची दोन घरे रिकामी होती.